रक्ताची राखण

किडनीच्या विभागाबाहेर भावाचं डायलिसिस संपायची वाट पाहत मी बसले होते. शेजारच्या बाकावर एक गृहस्थ बाटलीच्या झाकणात पाणी ओतून बायकोला देत होते. या आजारात पाणीही बेतानंच प्यायचं असतं. ते तिला आपली किडनी देणार होते. रक्तगटही जुळला होता.

तेवढ्यात तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "काकू, काकांच्या पेशी तुमच्या रक्तद्रवात मिसळून पाहिल्या, त्या मेल्या. तुमच्या रक्तात यांच्याविरुद्ध अँटिबॉडीज आहेत. यांची किडनी तुमचं शरीर टिकू देणार नाही."

"माझ्याविरुद्ध?" गृहस्थांनी विचारलं.

"बाळंतपणानंतर होतं असं कधीकधी. बाळात वडिलांचा अंश असतो. आईचं शरीर तो परका म्हणून ओळखतं आणि लक्षात ठेवतं."

ही कसली राखण, मला कळेना. बाळाला पोटात वाढवायचं आणि त्याच वेळी रक्तात त्याच्या बापासाठी हत्यारं परजून ठेवायची. मग सगळा संसार होतो, माणसं एकमेकांची होऊन जातात, पण रक्त काही विसरत नाही. प्रतिकारशक्ती चांगली राहावी म्हणून आपण काढे पितो. या काकूंची उत्तम होती.

गृहस्थांनी पुन्हा झाकण भरलं. थोडं पाणी सांडलं. तिनं ते झाकण हातात घेतलं, पण प्यायली नाही. मग हळूच म्हणाली, "पोरींना हे बाळंतपणाचं काही सांगू नका."