करपलेला झेंडू

झेंडूचा उग्र वास आला की मला काही वर्षांपूर्वीची, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची पंचवटीतली सकाळ आठवते. रस्त्यावर फुलांचे ढीग, रिक्षांचे हॉर्न, पायाखाली चेंगरलेल्या पाकळ्या. एका मावशींच्या ढिगातली फुलं मात्र कडेनं करपलेली होती. मी सहज विचारलं, तर म्हणाल्या, “औषध फवारलं आन् जळाली बघा. ॲपमधी बघूनच मारलं व्हतं, दादा.” त्यांनी फोन पुढे केला. ते ॲप माझं होतं! कोणत्या पिकाला किती औषध मारायचं ते सांगणारं, दोन वर्षं एकट्यानं राबून बनवलेलं. खाली नाव मात्र भलत्याच कुणाचं. विकत घेतलंत का, असं विचारलं, तर मावशी म्हणाल्या, “इकत कशाला घ्यायचं? गावच्या ग्रुपवर फुकट आलंय. तुमाला धाडू का?” माझ्या ओठांवर शिवी आली होती, तेवढ्यात स्क्रीनवरचा आकडा दिसला: एका पंपाला साठ मिली. सुरुवातीला तीसच्या जागी साठ मीच लिहून बसलो होतो. आठवडाभरात ते दुरुस्तही केलं, पण ती दुरुस्ती विकत घेणाऱ्यांनाच पोचली. चोरानं नाव तेवढं बदललं होतं, चूक माझीच ठेवली होती. मी तिथेच उकिडवा बसून त्यांच्या फोनमधलं ते काढलं, दुरुस्त केलेलं खरं ॲप त्यात घालून दिलं. पण ते बनवणारा मीच, हे सांगायला जीभ रेटली नाही. घरी येऊन ते सगळ्यांसाठीच फुकट करून टाकलं. तरी आजही तोरणाची फुलं घेताना मी आधी पाकळ्यांच्या कडा बघतो.