बाबांचं अंग पुसणं आणि माझी चादर

माझ्या दोन हातांवर वडिलांनी आयुष्यात एकदाच विश्वास टाकला. तो साधारण चार मिनिटं टिकला.

मागच्या वर्षी बाबा अंगणात घसरले आणि मांडीचं हाड मोडून बसले. बालाघाटच्याच एका दवाखान्यात ऑपरेशन झालं, चार खाटांच्या खोलीत जागा मिळाली. आता आमचे बाबा म्हणजे तहसील कचेरीतून रिटायर झालेले बडे बाबू. घरातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावून बसणारा माणूस! (मी त्यांना नुसत्या बनियनवर एकदाच पाहिलंय. त्या दिवशी न्हाणीघरात साप निघाला होता.) त्यांनी तीन दिवस कोणाला अंग पुसू दिलं नाही.

"सिस्टर, इथं तीन माणसं बसून राह्यली. मी काय नुमाइश आहो का?"

"अंकल, पडद्याचा स्टँड एकच आहे, तो बायकांच्या खोलीत गेला. पण आज पुसावंच लागन, नाहीतर पाठीले जखम होईन."

बाबांनी सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण मुठीत घट्ट धरलं. त्यांना मनापासून लाज वाटत होती, आणि ते बघून मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी नेहमी जे करतो तेच केलं. पुढाकार घेतला!

"बाबा, मी आहो ना! मी चादर धरतो. मुंगीलेही दिसणार नाही!"

"सोडशील त नाही?"

"काहून सोडीन?"

बाबांकडे पाठ करून, चादर हनुवटीपर्यंत ताणून, दोन्ही हात पसरून मी उभा राहिलो. मागे सिस्टरचं काम सुरू झालं. पहिल्या मिनिटाला नाक खाजायला लागलं. (हात मोकळे असताना माझं नाक कधीच खाजत नाही.) समोरच्या खाटेवरच्या, लालबर्रा गावच्या काकांना दया आली. "भाऊ, मी खाजवून देऊ का?" पण मी हललो नाही. हिमालय!

तेवढ्यात दार उघडलं. किरनापूरहून ताईचे सासू-सासरे, हातात संत्र्यांची थैली!

ताईचं लग्न ठरल्या दिवसापासून बाबांनी मला एकच कवायत घोटून दिली होती: तिच्या सासरचं माणूस दिसलं की हातातलं टाकायचं आणि आधी पाया पडायचं. मी हातातलं टाकलं आणि पाया पडलो.

"चादऽऽर!"

ऑपरेशननंतर बाबांचा आवाज पहिल्यांदाच इतका खणखणीत निघाला. मी वाकूनच वर पाहिलं. सासरे डोळे गच्च मिटून "सुखी राहा, सुखी राहा" म्हणत होते. सासूबाई डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून भिंतीकडे वळल्या होत्या. लालबर्ऱ्याच्या काकांनी तर स्वतःच्या तोंडावर उशी घेतली. सगळी खोली पाठमोरी! मीच काय तो गर्रकन वळलो आणि सरळ खाटेकडे बघत विचारलं, "काय झालं, बाबा?"

सिस्टरनं टॉवेल टाकला. टॉवेलमागून बाबा गरजले, "अबे, परक्या लोकायनं तोंड फिरवलं, घरचा तूच पाहून राह्यला!"

पाहुणे बाहेर गेले. दहा मिनिटांनी, गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या बाबांसमोर सासरे पुन्हा हजर झाले आणि अगदी सहज म्हणाले, "मी त आत्ताच येऊन राह्यलो, समधीजी." बाबांनी हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते. मी संत्री सोलायला घेतली, कारण त्या खोलीत माझ्यावर सोपवण्यासारखं तेवढंच काम उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी चादर घेऊन पुन्हा हजर. पाहतो तर सलाईनचे दोन स्टँड खाटेशेजारी उभे आणि त्यांना घरची चादर बांधलेली.

"बाबा, मी आहो ना!"

"हौ," पलीकडून आवाज आला. "पण हे कोणाच्या पाया पडत नाहीत."