दादासाठी ते जुनं नव्हतं

सुभाषदादा गेल्याचा फोन रुवैसहून आला तेव्हा मी ऑफिसात होतो. झोपेतच गेला, म्हणाले. दीड महिना होत आला. लोक म्हणतात, भाग्यवान, त्रास नाही झाला. मी मान डोलावतो... पण माझं मन मला खातंय.

दादा माझा चुलतभाऊ, तीस वर्षं इथे आखातात, रुवैसच्या तेल-कारखान्यात वेल्डर. महिन्यातून एका शनिवारी बसने शहरात, आमच्या अल बर्शाच्या घरी यायचा आणि मासे-भात झाला की टीव्हीवर नेटवरून जुनी मराठी मालिका लावायचा. भागच्या भाग! माझा मुलगा ते फिकट चित्र बघून विचारायचा, "काका, वॉज धिस बिफोर इंडिपेंडन्स?" त्याच्या लेखी डायलचा फोन म्हणजे थेट इतिहास. माझ्या लेखी ती माझी कॉलेजची वर्षं, केव्हाच मागे पडलेली. दादाची तऱ्हाच निराळी. मालिकेतल्या भिंतीवर कॅलेंडर दिसलं की चित्र थांबवायचा. "थांब थांब... म्हणजे तेव्हा आमची मीना तिसरीत." मी एकदा चिडवलंच, "दादा, किती जुनं उगाळतोस रे?" तर म्हणाला, "तुला जुनं. मी कुठे बघितलं होतं? मी तेव्हा इथे लेबर कॅम्पात. मला हे नवीनच आहे." दोन वर्षांतून एक महिना गावी जाणारा बाप तो. लेकीचं हातून निसटलेलं लहानपण तो आत्ता बघत होता. हे तेव्हाच कळायला हवं होतं, पण माझी अक्कल चरायला गेलेली!

त्या शनिवारी मालिकेचा शेवटचा भाग चालू होता आणि माझे साहेब सहकुटुंब जेवायला यायचे होते. मला लाज वाटली हो, खरं तेच सांगतो. लुंगीतला दादा आणि टीव्हीवरचं ते कळकट चित्र त्यांना दिसायला नको, म्हणून मी रिमोट उचलला. "खलास, दादा. पुढच्या वेळी बघ."

"वीसच मिनिटं राहिलीत रे..."

मी टीव्ही बंद केला. तो शर्ट-पँट चढवून आला, साहेबांशी हिंदीत गोड बोलला. दहा दिवसांनी तो फोन.

परवा चिपळूणहून मीनाने व्हिडिओ कॉल केला. ती मालिका बाप-लेक एकाच वेळी लावायचे, ती तिथे, तो इथे, हे मला तेव्हा कळलं. "काका, शेवटचा भाग मी अजून बघितला नाही. त्या दिवशी बाबा म्हणाले, 'मलाच मेली डुलकी लागली, तू थांब, पुढल्या महिन्यात जोडीने बघू.' इतके दमले होते का हो ते?"

"हो गं," मी म्हटलं, "दमला होता."

मीना, तुझे बाबा टक्क जागे होते.