पेन ड्राइव्हमधला माझा आवाज

सुनेने मोबाइल माझ्या डोळ्यांसमोर धरला तेव्हा मी लसूण सोलत होते. ‘लोकगीतांचा बादशहा, प्रथमच दोह्यात.’ खाली फेटा बांधलेला आणि मिश्या काळ्या केलेला एक म्हातारा हसत होता. “आई, तुमच्याच रायगडचे आहेत. शुक्रवारी दुपारी आपल्याकडे जेवायला येतायत,” ती म्हणाली. कतारमधल्या आमच्या मराठी मंडळाची ही रीतच आहे. भारतातून कलाकार आला की त्याची जेवणं सभासदांच्या घरी वाटून द्यायची आणि त्याला पाहुणचार म्हणायचं. मी म्हटलं, “त्याला हॉटेलात घाला खायला.” तिला वाटलं माझे गुडघे दुखतायत.

गुडघे ठणठणीत होते. या माणसाचा मी चाळीस वर्षांहून जास्त काळ राग करत आले आहे. सुरुवातीची दोन वर्षं मात्र तो मला देव वाटायचा, हेही सांगून टाकते.

त्याची कारकीर्द तो सगळीकडे एकाच साच्यात सांगतो. मिठागरात राबणारा पोरगा, हळदीच्या मांडवात गाता गाता कॅसेटपर्यंत पोचला. हे खोटं नाही. हळदीला बायका जी गाणी म्हणायच्या, त्या चालींवर त्याने नवे शब्द बसवले, ढोलकीला बेंजोची जोड दिली आणि कॅसेट काढली. आमच्या पट्ट्यात तोवर कुणी काढली नव्हती. फक्त एक गोष्ट तो सांगत नाही. मुखडा सुचला की त्याची गाडी अडायची. अंतरे मी रचायचे, मासळी निवडता निवडता, आणि गाताना बाईचा आवाजही माझाच असायचा.

पहिलं रेकॉर्डिंग मुंबईत एका गाळ्यात झालं. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या आणि मधोमध एकच माइक. सगळ्यांनी एकदम गायचं, एकदम वाजवायचं, आणि ज्याचा आवाज मोठा त्याने लांब उभं राहायचं. माझा आवाज त्याच्यावर चढत होता. मला मागे सरकवत सरकवत शेवटी दाराला टेकवलं. गाणं खाडीपलीकडून होडी मागणाऱ्या नवरीचं होतं, ‘होरी आना गो, होरी आना.’ मी लांब उभी होते म्हणून टेपवर ती हाक खरोखर पाण्यापलीकडून आल्यासारखी उमटली. त्या हाकेवर कॅसेट चालली. वेष्टनावर गीतकार म्हणून तो, गायक म्हणून तो, फोटो त्याचा, आणि तळाला बारीक अक्षरात ‘आणि साथी’. विचारलं तर म्हणाला, पुढच्या कॅसेटवर नाव घालू. अशा तीन कॅसेट झाल्या.

मग माझं लग्न झालं. नवरा इथेच, इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होता. दोन वर्षांतून एकदा घरी यायचा. पहिल्याच सुट्टीत त्याने बजावलं, “माझ्या बायकोचा आवाज पानटपरीवर वाजायला नको.” मी गाणं सोडलं. मुलाला कधी काही सांगितलं नाही. आधी नवऱ्याच्या धाकाने, नंतर लाजेने, आणि नवरा गेल्यावर मुलाने मला इथे आणलं तेव्हा वाटलं, आता सांगून कोण विश्वास ठेवणार. तिकडे या बादशहाने जत्रा केल्या, निवडणुकीच्या प्रचाराची गाणी केली, टीव्हीवर जाऊन बसला.

शुक्रवारी तो आला. मी हमूर माशाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. मीठ मुद्दाम जास्त घातलं नाही, एवढेच माझे उपकार. मुलगा आणि सून त्याच्याशी फार अदबीने बोलत होती. दोघं मिठाई आणायला खाली उतरली तसा तो हसला.

“वलखलंस काय गो बाय?”

“तुला कोण नाय वलखत,” मी म्हटलं. “चोराला आख्खा गाव वलखतो.”

त्याला राग आला नाही. काटा बाजूला काढत तो कामाचं बोलला. सोबत गाणाऱ्या मुलीचा व्हिसा आला नव्हता. ती तरी कुठे गात होती म्हणा. जुन्या कॅसेटवरून माझा आवाज काढून त्याने पेन ड्राइव्हमध्ये भरला होता आणि ती नुसतं तोंड हलवायची. असे कितीतरी कार्यक्रम त्याने केले होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

“तू उभी ऱ्हा ना आज,” तो म्हणाला. “तुजाच आवाज हाय. तोंड हलवाला काय जातंय?”

मी भाकरीचं ताट उचलून आत नेणार होते. पण मनात एक हाव शिरली. पहिल्या रांगेत माझी बारा वर्षांची नात असणार होती. मुलगा मंडळाचा साउंड सांभाळतो, म्हणजे लॅपटॉपवर तोच असणार. मी म्हटलं, “गाण्याच्या आधी माइकवर सांगायचं. हा आवाज हिचा, अंतरे हिचे. माझं नाव घ्यायचं.”

“सांगतो की,” तो म्हणाला आणि कालवण आणखी वाढून घेतलं.

कार्यक्रम संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये होता. सुनेने मला नऊवारी नेसवली. माझ्या हातात बंद माइक दिला गेला. त्याने फेटा सारखा केला आणि लोकांकडे वळला. “आता माजा गाना, जो मी वयाच्या इसाव्या वर्षी लिवला,” तो म्हणाला. “आणि साथीला आज तुमच्याच मंडळाची एक हौशी मावशी. टाल्या वाजवा.”

हौशी मावशी. मी त्याच्याकडे पाहिलं, तर त्याने डोळा मारला.

मुलाने ट्रॅक लावला. ढोलकी, बेंजो, मग त्याचा मुखडा. आणि मग मोठ्या स्पीकरमधून मी आले, एकोणीस वर्षांची. इतका चांगला आवाज होता माझा. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी माइक खाली धरला आणि ओठ गच्च मिटून घेतले.

अंतरा सुरू झाला, संपला, दुसरा लागला. मी लोकांकडे सरळ बघत उभी. पुढच्या रांगा आधी हसल्या, मग कुजबुजल्या. तो नाचत नाचत माझ्याजवळ आला आणि माइकवर हात ठेवून पुटपुटला, “तोंड हलव ना.” मी नाही हलवलं. फेट्याखालून घामाचा ओघळ आला तो थेट मिशीपर्यंत गेला, आणि मिशीचा काळा रंग ओठावर उतरला. मला फार बरं वाटलं.

हॉलमधून निघेपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर मेसेज पडू लागले होते. काकू स्टेजवर घाबरल्या. बिचाऱ्या, वयाचंही आहेच. सुनेने तोंड पाडून ते मला वाचून दाखवले. एकालाही कळलं नव्हतं.

मुलाने गाडी काढली. मग म्हणाला, “आई, काय गरज होती? दोन मिनिटं तोंड हलवलं असतंस तर खलास झालं असतं. कमिटीला मी काय सांगू?”

“तो आवाज माझा आहे,” मी म्हटलं.

“माहितीये मला.”

सून वळून त्याच्याकडे बघायला लागली. तो रस्त्याकडेच बघत होता. “बाबांनी सांगितलं होतं. मी इथे नवीन जॉइन झालो होतो तेव्हा. त्यांच्या कंपनीच्या बसमध्ये ती कॅसेट रोज लागायची, रूमपासून वर्कशॉपपर्यंत. सगळी कोकणातली माणसं ना. बाबा मागच्या सीटवर बसून ऐकायचे. ही माझी बायको, असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मलाही म्हणाले, आईला कळू देऊ नकोस मी ऐकतो ते.”

मला रडू यायला हवं होतं. मला संताप आला. एकाने नाव गिळलं. दुसऱ्याने मला गप्प बसवलं आणि स्वतः वर्षानुवर्षं फुकटात ऐकलं. तिसरा, माझ्या पोटचा, ते सगळं माहीत असताना आज लॅपटॉपवर बोट ठेवून बसला होता आणि त्याला काळजी कमिटीची. त्या फेटेवाल्यावर इतकी वर्षं खर्च केलेला राग अर्धा तरी चुकीच्या पत्त्यावर गेला होता.

“हिला सांग,” मी मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसलेल्या नातीकडे बोट दाखवलं. “आत्ता, मराठीत.”

“सांगतो गं. घरी गेल्यावर. इन्शाल्ला.”

ऑफिसात ज्याचं काम करायचं नसतं त्याला तो हेच सांगतो, मी फोनवर हजारदा ऐकलंय. मी नातीच्या कानातलं इअरफोनचं ते पांढरं बोंडूक काढलं.

“What, आजी?”

“मराठीत विचार.”

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. “काय, आजी?”

मी तिला माझं नाव सांगितलं, लग्नाआधीचं, बापाच्या नावासकट आणि गावासकट. मग म्हटलं, मघाशी ऐकलंस ते गाणं माझं.