कमूच्या खोलीतला केर

मैत्रिणींनो,

गेल्या आठवड्यात बाजारातून आलं ते असं... कळीचा चुना, चार आणे. रॉकेलची बाटली, दीड आणा. गादीच्या खोळीला मांजरपाट, नऊ आणे. बाजेला सुंभ, तीन आणे. शेण घरचंच.

एवढा खर्च मी एका रिकाम्या खोलीवर केला. तुम्ही म्हणाल, हिला मुरबाडचं पाणी बाधलं... पण ऐका तर खरं.

आमची कमू लग्न होऊन जावयांच्या नोकरीपायी कराचीला गेली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या पाठोपाठ केर काढू नये, हे आपण सगळ्याच पाळतो. ती मोटारीत बसली त्या दिवशी मी तिच्या खोलीत केरसुणी नेली नाही. दुसऱ्या दिवशीही नेली नाही... वाटलं, सुखरूप पोचल्याचं पत्र येऊ दे. पत्र आलं. मग वाटलं, दिवाळसणाला येईलच, आली की झाडू.

हे म्हणाले, "अगं, ते त्या दिवसापुरतं असतं. तू तर व्रतच धरलंस!" मी ऐकलं नाही. देवापुढे कधी बोलले नाही, पण मनात धरून बसले होते, की खोली जशीच्या तशी राहिली तर पोर परत येईल. मॅट्रिक झालेल्या बाईने असं म्हणू नये, हे मलाही कळतं.

दिवाळी आली नि गेली. जावयांना रजा मिळाली नाही. अनरसे केले होते, ते शेजारी वाटून टाकले.

घरात आम्ही दोघंच, आणि ह्यांची नोकरी मामलेदार कचेरीतली, त्यात फिरती फार. देवापाशी दिवा लावला की मी त्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहायची... आत पाऊल टाकायची नाही.

शेवटी निकाल लावला तो ढेकणांनी. कमूच्या बाजेतून निघाले, भिंत ओलांडून आमच्या अंथरुणात आले, आणि तिथून ह्यांच्या कोटाच्या कॉलरवर बसून थेट कचेरीत. साहेबांसमोर!

हे घरी आले ते टोपी न काढताच म्हणाले, "ती खोली आजच्या आज..." माझं तोंड पाहिलं आणि थांबले. "तुझ्या सवडीने," म्हणाले.

मग मी येसूला बोलावलं. ही पलीकडच्या पाड्यावरची कुणब्याची बाई, आमच्याकडे भात कांडायला येते. दारातच कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगो बया! वैनी, पोरीचं लगीन झालं, आता ढेकणांची लावताव काय?"

बाज अंगणात ओढली, जुना सुंभ सोडून जाळला. लाकडाच्या सांध्यांत पिसाने रॉकेल घातलं, वर आधणाचं पाणी ओतलं. पीस येसूनेच आणलं होतं... कशाचं ते मी विचारलं नाही.

गादी उसवून कापूस उन्हात घातला. आढ्याची जळमटं काढली, कोनाडे पुसले, जमीन उकरून चोपली आणि सारवली. सगळ्या भिंतींना चुन्याचा हात दिला.

फक्त एक डाग हटेना. खिडकीशी डोकं टेकून कमू वाचत बसायची, तिच्या केसांचं तेल तिथे भिंतीत मुरलेलं. चुना वाळला की डाग वर यायचा. पुन्हा हात दिला, पुन्हा आला... खरं सांगू? मला बरं वाटलं. म्हटलं, येसू, राहू दे तेवढा.

"राहू दे काय? तेल हाय त्ये, खरवडल्याबिगर जायाचं नाय."

मी देवाला नैवेद्य दाखवायला आत गेले. परत येते तो काय... तिने खुरप्याने भिंत खरवडून, माती लिंपून, वर चुना मारलेला. डाग कुठे होता तेही कळेना.

मी उंबऱ्यावर बसले आणि रडू आवरेना. येसू कुंचला हातात धरून तशीच उभी. मग हळूच म्हणाली, "वैनी, पोर नांदाया गेली ना? मंग सुतक धरल्यावानी काय बसलाव?"

मैत्रिणींनो, माझं रडणं तिथेच थांबलं. अशुभ नको म्हणून मी केर काढला नव्हता, आणि ती गेल्यापासून सुतक पाळत होते ते मीच... देवाने क्षमा करावी. पदराने डोळे पुसले आणि केर भरून उकिरड्यावर टाकून आले.

दुपारी सुंभ ओढून बाज विणली. "ताण बरा हाय का बगते," म्हणून येसू तीवर आडवी झाली ती चक्क घोरायलाच लागली! मी उठवलं नाही. बाहेर गादीला टाके घालत बसले. आत कोणीतरी झोपलेलं आहे, एवढ्यानेच हाताला वेग आला.

जाग आल्यावर ती ओशाळली आणि घाईने घरी गेली. त्यानंतर घर पुन्हा तेवढंच मोठं झालं. पण खोलीत जाऊन बसता आलं मला. चुन्याचा आणि शेणाचा वास होता, दुसरा कुठलाच नव्हता.

आता पौषात इथल्या जवळच्या म्हसा गावची जत्रा आहे. घोंगड्या घ्यायला तुमच्यापैकी कोणी येणार असाल, तर कल्याणहून मोटार मिळते, आणि आमचं घर कोणीही दाखवील. जत्रा नको असेल तर एरवी या. यंदा भात बरं पिकलंय, जेवणाखाणाची काळजी नाही. एक रात्र तरी त्या खोलीत झोपा, मी पहाटे चहाला हाक मारीन.

येणार की नाही, ते उलट टपाली कळवा... नाही असलं, तरी कळवाच.