भट्टीवर गेलेली मतं

पालेगावच्या मागे कातकऱ्यांची वाडी आहे. दिवाळी सरली की तिथल्या दारांना कड्या लागतात. माणसं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. यंदा मात्र वाडी थांबली होती. त्यांची चांगुणा नगरसेवकपदाला उभी होती ना!

कशासाठी उभी? वाडीची मसणवट एका बिल्डरने पत्रे ठोकून आत घेतली. चांगुणाचा नवरा तिथेच पुरलेला. "माझा माणूस आत, मी बाहेर," प्रचारात ती एवढंच बोलायची. 

भट्टीचा मुकादम कैलास. त्याला तिने बजावलं होतं, "मंगळवारी मतं पडू दे, मग ट्रक भर."

"वहिनी, निवडून यायच्या आधीच हुकूम?" तो हसला, पण थांबला.

आणि मतदान तोंडावर आलं असताना बातमी थडकली. नगराध्यक्षपदाच्या कुणाच्या तरी अर्जावरून कोर्टात भांडण, म्हणून अख्खी निवडणूकच पुढे. खुर्ची मोठ्यांची, भांडण मोठ्यांचं, कंबरडं मोडलं वाडीचं. गावातल्या नव्या टॉवरांत राहणाऱ्या मतदारांचं काय बिघडलं? ते तेव्हाही इथे, पुढच्या तारखेलाही इथेच.

दुसऱ्या सकाळी कैलासने ट्रक लावला. "मालक दुसरी टोळी आणतोय. आज नाय तर यंदा कामच नाय."

"मतदानाला परत आणशील ना, भाऊ?"

"एक दिवस भट्टी बंद? तुझा नगराध्यक्ष मजुरी देल का?"

मतदानाला भरपगारी सुट्टी असते म्हणे. चिखल तुडवणाऱ्याला ती कोण देतो, दाखवा एकदा!

नव्या तारखेला चांगुणा केंद्राबाहेर उन्हात उभी राहिली. वाडीतून काठी टेकत म्हातारी आवडी आली, मागे दोन बाळंतिणी.

"एवढीच गं, मावशी?"

"बाकी कुत्री उरलीत, पोरी. त्यांची नावं यादीत नायत."

निकालाला चांगुणा थांबली नाही. काय ऐकायला थांबायचं? सकाळी गाठोडं बांधून तीही भट्टीवर गेली.

नव्या नगराध्यक्षाबाईंनी पदभार घेतला, तो व्हिडिओ कैलासने भाकरीच्या वेळी दाखवला. फेटे, गुलाल, ढोल. चांगुणाने शेवटपर्यंत पाहिला.

"किती वर्षं असते ही?"

"पाच."

ती उठली, पुन्हा चिखलात उतरली. पाच वर्षांत पत्र्याआड किती मजले चढतात, हे वीट थापणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही.