बैलाच्या नावावर घेतलेली गोळी

मुलासाठी मुलगी पाहायला जाताना आपण ताठ आणि हुशार दिसावं, म्हणून मी माझ्या गालाच्या नसेवरच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. डॉक्टरांना विचारलं नाही, घरात सांगितलं नाही. तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली होते, म्हणजे अक्कल यायला भरपूर वेळ मिळालेली बाई. आज तिला समोर बसवून दोन शब्द सुनवावेसे वाटतात. पण ती कोणाचं ऐकणाऱ्यातली नव्हती, माझं काय ऐकणार.

आधी दुखणं सांगते. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला ओला हात लागला की जसा झटका बसतो, तसा झटका डाव्या गालात, नाकाच्या कडेपासून कानापर्यंत. क्षणभरच. पण त्या क्षणात माणूस हातातलं भांडं टाकतो आणि तोंडातला देवही विसरतो. गाल जोरात दाबला तर काही होत नसे. पदराची कड हलकेच लागली, की कळ. दात घासले की कळ, तोंडावर पाणी मारलं की कळ, वारा लागला की, भाकर चावली की, बोललं की. थोडक्यात, मुकाट, उपाशी आणि पारोसं बसलं तर मी अगदी ठणठणीत होते.

उपाय सगळे झाले. गरम मिठाचं पोटीस झालं, कानात लसणाचं तेल झालं, कोणाकोणाचा अंगारा झाला. मी दाताच्या डॉक्टरांना हट्टाने एक दाढ काढायला लावली. ती निरोगी निघाली. मी ती बरेच दिवस कागदाच्या पुडीत ठेवली होती, कशासाठी ते आता सांगता येत नाही. शेवटी बुलढाण्याच्या एका डॉक्टरांनी नुसतं ऐकून घेतलं आणि म्हणाले, दाढेचा काही दोष नाही, चेहऱ्याची नस आहे. संभाजीनगरला मशीनच्या बोगद्यात घालून डोक्याचे फोटो काढले. मेंदूपाशी एक रक्तवाहिनी त्या नसेला टेकली होती. एवढ्या मोठ्या डोक्यात तिला दुसरी जागा मिळाली नाही.

गोळी सुरू झाली. आधी अर्धी, मग एक, मग हळूहळू वाढवत, मधूनमधून रक्त तपासून. पुढे काही वर्षांनी गोळ्याही पुरेनात, तेव्हा गालातून सुई घालून ती नस तापवून घेतली. आता डावा गाल बधिर आहे. चहा ओघळला तरी मला कळत नाही, नात पुसते. पण ते फार नंतरचं.

तेव्हा गोळीने कळा थांबल्या, हे खरं. पण सकाळी अंगणातून चालताना मी अशी झोकांडत जाई, की शेजारणीला आमच्या घरात पिणारं कोण आहे ते ठरवता येईना. शब्दही सापडत नसत. कुकर म्हणायचं असे आणि तोंडातून येई, "ते शिट्टीचं." आमचे हे शांतपणे कुकर आणून देत. एकदा मी त्यांनाच हाक मारायला गेले आणि "ते... ते..." करत राहिले, तर हे म्हणाले, "मी बी शिट्टीचाच का?"

हेही चाललं असतं. पण एकदा बाजाराच्या दिवशी धाड गावातल्या मेडिकलमध्ये गेले. दुकान भरलेलं. दुकानदाराने चिठ्ठी उजेडात धरली आणि गल्ल्यावरून अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारलं,

"काकू, हे तं मिरगीची गोळी हाय. कोनाले येते झटके?"

डॉक्टरांनी मला समजावलं होतं, की ही गोळी फिट येणाऱ्यांना देतात तशी नसेच्या दुखण्यालाही देतात, तुम्हाला मिरगी नाही. एवढं वाक्य मला तिथे बोलायचं होतं. पण दुकानात दोन बाया आमच्या नात्यागोत्यातल्या होत्या, आणि घरात लग्नाचा मुलगा होता. आईला मिरगी म्हटल्यावर लोक मुलाकडे कसे पाहतात, ते मी पाहिलेलं होतं. खरं सांगायचं तर तसं पाहणाऱ्यांत मीही होतेच. मी म्हटलं,

"आमच्या गोऱ्ह्याले."

दुकानदाराने चिठ्ठी पुन्हा पाहिली. तिच्यावर माझं नाव होतं, वय होतं आणि स्त्री असं लिहिलेलं होतं.

"बरं," तो म्हणाला, "गोऱ्ह्याले जेवल्यावर द्याजा. उपाशीपोटी नोका देऊ."

त्यानंतर मी गोळ्या चिखलीहून आणायला लागले आणि घरी शेवयांच्या डब्यात लपवायला लागले. बाहेर सांगायला 'दाढ दुखते' असं ठरलं होतं. घरात सगळ्यांना खरं दुखणं ठाऊक होतं, पण बरेच दिवस कळ आली नव्हती, म्हणून मी सांगून टाकलं, की मी बरी झाले. मलाही तसंच वाटत होतं. गोळीने बरं वाटतं आणि गोळी खाऊन बरं वाटलं की गोळीची गरज नाही असं वाटतं. या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारीशेजारी सुखाने राहत होत्या.

एवढ्यात माझ्या भावाने स्थळ आणलं. जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. मुलाने मुलीचा फोटो पाहिला आणि त्या दिवसापासून रोज दाढी करायला लागला. मग दोघांचं फोनवर बोलणं झालं. त्याने तोंडाने काही सांगितलं नाही, पण ढोरांना पाणी पाजताना गाणं म्हणणारा मुलगा आईला काय सांगायचं ठेवतो? आता फक्त रीत उरली होती. आम्ही जायचं, पोहे खायचे, मी दोन प्रश्न विचारायचे आणि पसंत आहे म्हणायचं. एवढंच माझं काम. ते नीट व्हावं, झोकांडी जाऊ नये, शब्द अडू नये, म्हणून मी गोळ्या बंद केल्या.

दिवाळी होऊन गेलेली, थंडी पडलेली. भाड्याच्या जीपने निघालो. राजूर घाट उतरताना ह्यांना मळमळायला लागलं.

"अवं, काच खाली कर."

"वारा लागते."

"तुह्या दाढेले लागते. मले वकारी आली तं सगळ्याइले लागन."

काच खाली झाली. मी तोंडाला स्कार्फ गुंडाळून घेतला, कॉलेजच्या पोरी गाडीवर बांधतात तसा. मलकापूरच्या सडकेला लागेपर्यंत पहिली कळ आली होती. मी ठरवलं, ही गाडीची आहे, खाली उतरले की जाईल.

मुलीच्या दारात तोंड बांधून कसं जायचं? स्कार्फ काढला. बैठकीत आम्हाला पलंगावर बसवलं. पोहे आले, शेव आली, केळी आली. मी ताटलीला हात लावला नाही. पाणी दिलं, ते हातात धरून बसले. मुलीकडच्या घरात पाणीही न पिणारी मुलाची आई म्हणजे काय, हे तिथल्या भिंतींनाही कळत होतं. मुलगी आली. नीट होती, डोळ्यांत डोळे घालून पाहणारी. नमस्कार करून समोर बसली. मुलीचे वडील म्हणाले,

"इचारा ना बाई, काय इचाराचं असन थे."

मी तोंड उघडलं आणि वीज पडली. तोंड मिटलं. पुन्हा उघडायची हिंमत होईना. मी चेहरा दगडासारखा करून बसले, कारण चेहरा हलला की कळ येत होती. डाव्या डोळ्यातून पाणी गळत होतं. ते पुसताना गालाला हात लागला असता, म्हणून पुसलं नाही. मुलीकडे पाहिलं, तर ती माझ्याकडे पाहत होती. मुलगा माझ्याकडे पाहत होता. सगळं घरच पाहत होतं.

"हिची दाढ दुखते," हे म्हणाले. एक तर हे खोटं होतं, दुसरं म्हणजे ते वाटतही खोटंच होतं.

मग मुलीची आजी उठली. पोराची आई रडून राह्यली, मन भरून आलं असेल, असं त्या भल्या बाईला वाटलं. आपल्याकडे म्हाताऱ्या करतात तशी ती माझी अलाबला घ्यायला आली. दोन्ही हात माझ्या गालांवरून हलकेच फिरवायचे आणि आपल्या कपाळाच्या कडेला कडाकडा बोटं मोडायची. हलकेच. जगात दुसरा कोणताही स्पर्श चालला असता. तिची बोटं गालाला लागली मात्र, मी ओरडले आणि तिचा हात असा झटकला, की तिच्या बांगड्या वाजल्या.

पुढचं काही आठवण्यासारखं नाही. निघताना कोणी 'या' म्हटलं नाही.

दोन दिवसांनी भावाचा फोन आला. तो मुळातच आडवळणाने बोलणारा नाही.

"ताई, त्याइले पोरगा पसंत हाय. घर पसंत हाय. वावर पसंत हाय."

"मंग?"

"तू नाई."

मुलाने ते ऐकलं. दोन दिवस त्याची दाढी वाढली. मग गोठ्यात शेणाची टोपली उचलता उचलता, माझ्याकडे न पाहता म्हणाला,

"आई, तुले पोरगी आवडली नव्हती तं घरीच सांगाचं. थ्या म्हातारीचा हात काऊन झटकला?"

तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. गोळ्या, दुकानदार, गोऱ्हा, शेवयांचा डबा. सांगताना तीनदा कळ आली, तीनदा थांबले. त्याने टोपली खाली ठेवली. मला वाटलं, माझी कीव करेल.

"म्हंजे मिरगीचं नाव नको म्हून तू दुखन्याचं बोललीच नाई," तो म्हणाला. "आता त्याइले काय वाटते, मालूम हाय? माह्या आईले माणसाचा विटाळ हाय असं वाटते. त्याच्यापक्षी मिरगी बरी होती. आता तूच जा अन् सांग. माहं सांगून कोनी ऐकत नाई."

शिवाय बऱ्हाणपूरकडचं एक स्थळ तिला सांगून आलं होतं, असं भावाकडून कळलं. म्हणजे घाई होती. पण मला तर बोलताच येत नव्हतं. डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, बंद का केल्या? म्हटलं, बरं वाटत होतं. ते म्हणाले, गोळीमुळे वाटत होतं. अशा गोळ्या एकदम तोडायच्या नसतात, हेही ते बोलले, आणि त्यानंतर जे बोलले ते योग्यच होतं. पुन्हा थोडीपासून सुरुवात. गोळीला माझी घाई कळत नव्हती. मी रोज सकाळी गोठ्यात उभी राहून गोऱ्ह्याशी बोलून पाही, किती वाक्यं होतात ते. एक व्हायचं, मग दोन. ज्या दिवशी मी त्याला पुरती शिवी देऊ शकले, त्या दिवशी ह्यांना म्हटलं, चला.

एसटीने गेलो. खिडकीपासून लांब बसले, स्कार्फ बांधलेला. गोळीने डोळ्यांवर झापड होती आणि त्यांच्या अंगणात पायरी चढताना माझा तोल गेला, तेव्हा ह्यांनी धरलं. दारात मुलीची आजी उभी होती. तिने पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकली. बरोबरच होतं.

मी या वेळी स्कार्फ काढला नाही. बसल्याबसल्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि पलंगावर ठेवलं.

"ही मिरगीची गोळी हाय," मी म्हटलं. "मी रोज खाते. मले मिरगी नाई, गालाची नस दुखते. पन असती मिरगी, तरी लपवाले नको होतं. तुमच्या हाताचा मले राग नव्हता, आजी. गालाले पीस जरी लागलं तरी इजेचा झटका बसते. त्या दिवशी गोळी न खाता आली, म्हून बोलता आलं नाई. पोरगी मले पसंत होती. पाह्यल्यापासून पसंत होती."

एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. इतक्या दिवसांचं साचलेलं होतं आणि कळ येत नव्हती. दाढ काढली ते सांगितलं, बोगद्यातलं मशीन सांगितलं, कुकर सांगितला, मेडिकलवाला सांगितला. मुलीचे वडील खाली मान घालून हसू दाबत होते. मुलगी दाराशी उभी होती, ती दाबत नव्हती. आजी तेवढी गंभीर. सगळं ऐकून तिने पहिला प्रश्न विचारला,

"गोऱ्ह्याले आता कसं हाय?"

"त्याले काई झालंच नव्हतं, आजी."

"हाव, थे समजलं. पन इतकं नाव घेतलं त्याचं, म्हून इचारलं."

लग्न झालं, हे सांगायला नको. माझा चहा पुसणारी नात त्याच मुलीची. पण त्या दिवशी होकार मिळेपर्यंत माझा जीव टांगणीला होता. म्हटलं, आजी, माझ्या खुळेपणापायी पोरांचं मोडू नका, तुमची पोरगी काय म्हणते ते तरी सांगा. म्हातारीने माझ्या गालाकडे एकदा नीट पाहिलं, हात लांब ठेवून मला लागणार नाही अशी हवेतच अलाबला घेतली, बोटं मोडली आणि म्हणाली,

"पोरगी पयल्या दिवशीच हाव म्हने, बाई. सासू तोंडातून शब्द काढत नाई, असं घर पुन्हा भेटनार नाई म्हने. आम्हीच तिले समजावून नाई म्हनाले लावलं. आता तुम्ही इतकं बोलल्या, आता तिले पुन्हा इचारा लागन."